ढग पिंजणाऱ्या शरीफानानी

एक होता डोंगर. इतका उंच, की ढगांना त्याला वळसा घालून जायचा कंटाळा यायचा. मग ते त्याच्या माथ्यावरच टेकायचे. आणि त्या माथ्यावर काय होतं? राजवाडा नव्हता हो. किल्लाही नव्हता. तिथं एक छोटंसं गाव होतं, आणि गावात होता दुलयांचा कारखाना.

पण साध्यासुध्या दुलया नव्हेत, बरं का. आत कापूस नाही, आत ढग भरलेला! पांघरली तर अंगावर काही आहे असंच वाटायचं नाही. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा. आणि झोप कशी लागायची, तर पाण्यावर पान तरंगावं तशी. देशोदेशीचे राजे त्या दुलयांची वाट बघत बसायचे. कारखान्याच्या मालकीण होत्या गजराबाई शेठाणी. वर्षाकाठी मोजक्याच दुलया करायच्या. घाई कराल तर मिळणार नाही, असं राजालासुद्धा तोंडावर सांगायच्या.

आता दुलईत ढग भरायचा, तर आधी तो पिंजायला नको का? तर तो पिंजायच्या शरीफानानी. त्यांचं पिंजण होतं मोठ्या धनुष्यासारखं, आणि त्याला दोरीसारखी बारीक तात ताणलेली. सकाळी नानी खिडकी उघडायच्या, की बाहेर ढग उभेच. धारेच्या वेळी गाई कशा गोठ्याशी येऊन उभ्या राहतात ना, तसे. मग एकेक ढग आत यायचा, तातेवर बसायचा, आणि नानी तात छेडायच्या. तुंग, तुंग, तुंग. ढग हलका व्हायचा, आणखी हलका व्हायचा, आणि सगळ्या कारखान्यात पांढरं पांढरं काहीतरी तरंगत राहायचं.

ही विद्या एकट्या नानींना येत होती. शेठाणी म्हणायच्या, "नानी, कुणाला तरी शिकवा आता."

नानी म्हणायच्या, "शिकवू की. पुढच्या वर्षी बघू."

असं म्हणता म्हणता नानींचे केस पिकून गेले. का शिकवत नव्हत्या? तर त्यांना मनातून भीती वाटायची. दुसऱ्या कुणाला जमलं, तर मग माझं काय उरलं?

मग एका हिवाळ्यात काय झालं, नानींचा उजवा हात आखडला. बोटं मिटेनात. तात छेडता येईना.

ढगांना काय माहीत? ते रोजच्यासारखे खिडकीशी आले. कुणी पिंजेना, म्हणून वाट बघत थांबले. मागून आणखी आले. तेही थांबले. मग सगळे गावभर बसले. अंगणात बसले, विहिरीच्या काठावर बसले. शेजाऱ्याला शेजारी दिसेना. धुणी वाळेनात. कोंबड्यांना उजाडलेलं कळेना, ते दुपारी आरवायचे. हसू नका, खरंच सांगते!

त्यातच खालच्या राज्यातून एक घोडेस्वार चाचपडत चाचपडत वर आला. म्हणाला, "आमची छोटी राजकन्या मंजिरी तापानं फणफणलीय. डोळ्याला डोळा लागत नाही पोरीचा. वैद्य म्हणतात, झोप लागली तरच वाचेल. एक दुलई द्या हो, शेठाणीबाई."

कारखान्यात एकही दुलई नव्हती. शेठाणी नानींच्या शेजारी जाऊन बसल्या. नुसता तो आखडलेला हात आपल्या हातात घेतला. नानींचे डोळे भरून आले.

"ज्यांना शिकायचंय त्यांना बोलवा," नानी म्हणाल्या.

मग तिघं आली. एक केरबा धनगर, चांगला आडदांड गडी. दुसरी सोनकी, देवळापुढे गजरे करून विकणारी तरणी मुलगी. आणि तिसऱ्या मथुराकाकू, कारखान्यातल्या सगळ्यांसाठी रांधणाऱ्या, केस पांढरे व्हायला लागलेल्या.

आधी केरबा बसला. त्यानं ढगाला धरून तातेवर ओढलं आणि दणकून तात छेडली. ढग असा काही गडगडला! कारखान्यातच पाऊस पडला. सगळे चिंब.

मग सोनकी बसली. तिचा हात भीतभीत चालला. ढग तातेच्या या बाजूनं आला, त्या बाजूनं गेला, आणि खिडकीतून बाहेर. तिला कळलंसुद्धा नाही.

मग मथुराकाकू बसल्या. त्या छेडतच राहिल्या, छेडतच राहिल्या. कधी थांबायचं तेच कळेना. शेवटी ढगाच्या गारा झाल्या आणि टपटप फरशीवर पडल्या.

नानी ओरडल्या, "असं नाही! मी करते तसं करा!"

केरबा हळूच म्हणाला, "नानी, तुम्ही कसं करता ते आम्ही बघितलंच नाही कधी."

नानींनी आठवून पाहिलं, आपण कसं करतो. आणि काय गंमत, त्यांना सांगताच येईना! जे होतं ते सगळं हाताला माहीत होतं, आणि हात तर आता रुसून बसला होता. नानी खिडकीशी गेल्या. बाहेर पांढरंच पांढरं. किती वेळ उभ्या राहिल्या कुणास ठाऊक. मग वळल्या आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "केरबा बेटा, ढग धरलास तेव्हा हाताला कसं वाटलं?"

"कोकराचा पाय ओढल्यावानी वाटलं, नानी. ते अंग चोरून घेतं."

"मग कोकरू कसं उचलतोस तू?"

"पोटाखाली हात घालून."

"मग ढगालाही तसंच उचल."

केरबानं ढगाच्या पोटाखाली हात घातला. ढग आपला शहाण्यासारखा तातेवर येऊन बसला.

नानी म्हणाल्या, "सोनकी बेटा, जाईची कळी तू घट्ट धरतेस का?"

"छे! चुरगळेल ना."

"मग सैल सोडतेस?"

"सैल सोडली तर गळून पडेल."

"त्या दोन्हींच्या मधलं तुझ्या बोटांना येतंच की गं. तेच तातेला दे."

सोनकीनं डोळे मिटले आणि तात छेडली. तुंऽग. ढग तातेवरच राहिला आणि हलका व्हायला लागला.

"आणि मथुराबाई, ताक घुसळताना लोणी आलं ते कसं कळतं तुम्हाला?"

"आवाज बदलतो ना रवीचा. जड येतो."

"मग कान द्या. तातेचा आवाज बदलला की सांगा."

काकूंनी कान दिला. तुंग, तुंग... तिंग. "बास!" काकू म्हणाल्या. आणि मुलांनो, ढग पिंजून तयार! मऊ, पांढरा, तरंगता. बाहेरचे ढग एकामागून एक आत यायला लागले. हळूहळू विहीर दिसली, अंगण दिसलं, वाळत घातलेली लुगडी दिसली.

दुलई शिवून झाली. पण चांगली झाली की नाही, कसं कळायचं? नानी म्हणाल्या, "मीच निजून बघते." त्यांनी ती अंगावर घेतली. सगळे श्वास रोखून उभे. आणि नानींना झोप लागली. स्वप्नात त्यांची आई आली. पिंजणापाशी बसून गालातल्या गालात हसत होती. नानी स्वप्नात लहान झाल्या आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिल्या.

जाग आली तेव्हा शेठाणींनी घाबरत विचारलं, "कशी आहे, नानी?"

नानी दुलईवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्यासारखी नाही झाली." तिघांची तोंडं उतरली. "माझ्या दुलईत असं स्वप्न नव्हतं कधी. जा, लवकर घेऊन जा त्या लेकराकडे."

घोडेस्वार दुलई घेऊन जो निघाला, तो थेट राजकन्येच्या पलंगापाशी. राणीनं हलक्या हातानं ती मंजिरीच्या अंगावर घातली. मंजिरीनं एकदा कूस बदलली. एक जांभई दिली. आणि निजली. उठली तेव्हा ताप उतरला होता, आणि म्हणाली, "आई, मला भूक लागली."

पुढे लांबलांबून माणसं शिकायला यायला लागली. नानी दाराशी बसायच्या. आलेल्याला आधी पाणी द्यायच्या आणि मग विचारायच्या, "तुझ्या हाताला काय येतं, बेटा?" तिथून पुढे शिकवणं सुरू. केरबा, सोनकी, मथुराकाकू, तिघंही शिकवायला लागली. सगळे पोटभर जेवले, गाढ झोपले, सुखात राहिले.

झालं. आता पाय आत घ्या, डोळे मिटा. मी आहे इथंच.