शंभर टक्क्यांचं गुपित

शिक्षण सभापती बापूसाहेब काकडे यांनी तालुक्यातल्या सरकारी हायस्कुलांची तुलना एका चहात उरकली. चिंचखांबच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के, टाकळवाडीचा ऐंशी. म्हणून चिंचखांबच्या शाळेला ढाल आणि टाकळवाडीच्या शाळेला टाळं. टाकळवाडीच्या मुलामुलींनी घाट उतरून चिंचखांबला जावं. तेवढाच व्यायाम, असंही त्यांनी मोठ्या मनानं सुचवलं.

टाकळवाडीच्या मुख्याध्यापिका रेणुका घुगे सभेत उभ्या राहिल्या. शाळा बंद झाली की निम्म्या मुलींची थेट लग्नंच लागणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"बाई, आमच्या वायभासे सरांकडून काहीतरी शिका," सभापती म्हणाले. "दरवर्षी शंभर टक्के!"

चिंचखांबच्या वायभासे सरांनी विनयानं गळ्यातला हार सारखा केला.

"शिकतेच आहे, बापूसाहेब," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे निकाल दहावीत लागतो. सर कच्च्या पोरांचा निकाल नववीतच लावतात. दाखला हातात देऊन त्यांना आमच्याकडे धाडतात. त्यातली बरीचशी आमच्याकडे दहावी पासही होतात. आता आमची शाळा बंद केलीत, तर ती पोरं सरांच्याच वर्गात राहणार. मग शंभर टक्के कुठून आणायचे?"

सभापतींनी वायभाशांकडे पाहिलं. सर हारासकट ताडकन उठले.

"साहेब, टाकळवाडीची शाळा चालू राहिलीच पाहिजे! शेवटी मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आहे."