डावा मडगार्ड

"…आणि आता ह्यात काय बसवायचं राहिलंय, तेवढं सांगा, वस्ताद."

इंजिन बंद करायच्या आधीच भूपाल मगदूमनं विचारून टाकलं. मग खाली उतरून पाया पडला. आधी प्रश्न आणि मग नमस्कार, ही त्याची जुनी खोड.

याकूब वस्ताद शेडच्या दारात लोखंडी खुर्चीवर बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना आता माणूस नुसता सावलीसारखा दिसायचा. तरी तालुक्यातला कुठलाही ट्रॅक्टर ते आवाजावरून ओळखत. भूपालनं पाच वर्षं त्यांच्या हाताखाली पाने उचलून दिले होते, वेल्डिंग शिकला होता. आता द्राक्षांच्या दोन ओळींत मावेल असा छोटा ट्रॅक्टर त्याच्या घरचा होता. त्यातलं कंपनीनं दिलेलं फारसं काही त्यानं शिल्लक ठेवलं नव्हतं.

"काय काय बसवलंस?"

भूपाल ह्याच प्रश्नाची वाट बघत होता.

"पुढं वजनं बसवली, चढाला तोंड उचलत न्हाई. सायलेन्सर खाली वळवला, पानं करपत न्हाईत. छत दुमडून जातंय. फवारणीचं बटण हाताशी बसवलं. दोन आरसे बसवले, मागं कॅमेरा बसवला."

"बरं."

"एकट्यानं सगळं होतंय, वस्ताद. दिवसभर कुणाशी बोलायला लागत न्हाई."

हे तो ऐटीत म्हणाला खरा. पण म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

वस्ताद उठले. बॉनेटवर हात ठेवून हळूहळू मागं सरकू लागले. जिथं बोटं अडत, तिथं थांबत.

"जोड चांगला आलाय," ते म्हणाले. "मग माझ्याकडं कशाला आलास?"

…

"डावीकडं हलकं लागतंय."

"कधीपास्नं?"

"सात महिनं झालं. टायर बदलले, हवा बघितली, खालचं सगळं तपासलं. खोट सापडत न्हाई. मग तोलाला डाव्या मडगार्डवर पेटी बसवली."

वस्तादांचा हात पेटीवर आला. त्यांनी बोटानं ठोकून बघितलं.

"आत काय?"

"लोखंड. जुने फाळ, पट्ट्या. बासष्ट किलो."

"बासष्टच का?"

भूपाल पेटीची कडी उगाच चाळवू लागला.

"अण्णा किती भरतोय रं?"

…

"तेवढाच."

नेमगोंडा अण्णा हा त्याचा थोरला भाऊ. अकरा वर्षं तो ह्याच मडगार्डवर बसायचा. भूपालनं पुढं बघायचं, अण्णानं मागं. पत्र्यावर एक थाप म्हणजे चल, दोन थापा म्हणजे थांब. बोलणं असं दोघांत नव्हतंच. अख्ख्या दिवसात जे काही व्हायचं ते त्या थापांत. दिवस मावळायच्या आत ट्रॅक्टर घराकडं वळायचा आणि दोघं शेजारी बसून जेवायचे.

उन्हाळ्यात अण्णाची कमर धरली. पत्र्यावरचे हादरे सोसून संध्याकाळी तो भिंतीला धरून उठायचा. ते बघून भूपालचा जीव तुटायचा. म्हणून त्यानं आरसे बसवले. दुसऱ्या दिवशी अण्णा चढून बसला, तेव्हा कमरेचं काही भूपालच्या तोंडून निघालंच नाही. तो एवढंच म्हणाला, "उतर अण्णा. आता आरसा हाय. तुझी गरज न्हाई."

अण्णा उतरला. पँटची धूळ झटकली आणि चालत घरी गेला.

त्यानंतर तो बागेत आला नाही. घर एकच, चूल एकच. पण भूपाल यायच्या आत अण्णा जेवून उठतो. माफी मागावी तर कशाची, असं भूपालला सात महिने वाटत होतं. आपण तर त्याच्या भल्याचंच केलं होतं. असं वाटत असतानाच त्यानं कॅमेरा बसवला आणि मग पेटी बसवली.

"चालू कर," वस्ताद म्हणाले. "पहिल्यात घे. शेडला एक चक्कर मार."

भूपाल बसला. वस्ताद मागून मडगार्डची कड धरून चालू लागले. दुपारच्या उन्हात म्हातारा, ट्रॅक्टर आणि धूळ. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

पेटीच्या मागं चार बोटं पत्रा उघडा राहिला होता. शेडच्या कोपऱ्यावर वस्तादांनी त्यावर तळहात आपटला. एकदा. पुन्हा एकदा.

ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला.

भूपालचा पाय क्लचवर होता. तो तिथं कधी गेला हे त्याला कळलंच नाही.

"आरशात बघितलंस?"

"न्हाई."

"कॅमेऱ्यात?"

"न्हाई, वस्ताद."

"मग थांबलास कशानं?"

…

 भूपालनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि पेटीचं झाकण उघडलं. एकेक फाळ काढून जमिनीवर ठेवू लागला. वस्ताद आवाज ऐकत उभे राहिले. पेटी रिकामी झाली, तसा त्यानं पाना घेतला. चार बोल्ट होते. त्यानंच आवळलेले, म्हणून सुटायला जड गेले.

पेटीखाली मडगार्डचा रंग उडाला होता. अकरा वर्षं बसून बसून पत्रा गुळगुळीत झाला होता, मधे थोडा खोलगटही. भूपालनं त्या खोलगट जागेवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"वस्ताद," तो शेवटी म्हणाला, "आता हितं काय बसवू?"

वस्ताद चाचपडत खुर्चीकडं निघाले होते. ते वळलेही नाहीत.

"बसवू नको," ते म्हणाले. "बसू दे."