मिठाची जागा

“कुणीच नाही म्हणालं नाही, अक्का. मग ती संमती नाही का?”

गटविकास अधिकारी अनिरुद्ध कुंभोजकर मठाच्या पायरीवर बसून विचारत होते. मांडीवर फाइल होती. फाइलमध्ये ग्रामसभेचा ठराव, आणि ठरावाखाली एकशे बारा सह्या.

तुंगाक्का निरांजनासाठी वाती वळत होत्या. नदीकाठच्या त्या लहानशा मठात त्यांचं हे चाळिसावं वर्ष. कुंभोजकरांनी त्यांचा अनुग्रह घेतलेला, त्यामुळे इथे आले की साहेब साहेब नसत.

“ठराव कसला?”

“धुण्याचा घाट बंद करायचा. तिथे बाग, बाकं, फिरायला फरसबंद वाट. गावाचं भलंच आहे त्यात. कागद आजच जिल्ह्याला जायला हवा. म्हटलं, आधी तुमचा आशीर्वाद घ्यावा.”

“घाटावर धुणारे काय म्हणाले?”

“परिटांची एकोणीस घरं आहेत. सगळी आली होती सभेला. मी दोनदा विचारलं, कुणाची हरकत आहे का... सगळे गप्प.”

“आणि या सह्या?”

“त्या आल्या आल्याच घेतल्या. हजेरीच्या. ठराव मागाहून वर लिहितात. तशी पद्धतच आहे.”

अक्कांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

“चातुर्मास आहे. प्रसाद घेऊन जा. दाराशी वही आहे, तिच्यात नाव-गाव लिही, सही कर.”

साहेबांनी सही केली.

पंगत बसली. हौसाबाई वाढत होत्या. त्याही परिटांच्याच, पंगतीच्या दिवशी मठात राबायला येत. अक्का त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या.

पान वाढायची एक रीत असते. सर्वांत आधी मीठ, पानाच्या वरच्या कडेला. मग बाकीचं.

साहेबांच्या पानात लिंबू पडलं. भाजी पडली. भात आला, वरण आलं, पण सगळं वेगळ्या पातेल्यांतून. मिठाची जागा रिकामीच राहिली.

पहिला घास अळणी. साहेबांनी डावीकडे पाहिलं. शेजारचा मनापासून जेवत होता. उजवीकडचाही. साहेबांनी वरणावर लिंबू पिळलं... आणि पान संपवलं.

हात धुऊन आले तर अक्का वही घेऊन बसलेल्या.

“वाच.”

साहेबांच्या सहीच्या वर अक्कांच्या अक्षरात एक ओळ होती. ‘यांनी कार्तिकीपर्यंत मीठ सोडलं आहे.’

“मी असं कधी म्हणालो?”

“नाही असंही म्हणाला नाहीस. पान तर स्वच्छ केलंस.”

“पंगतीत कसं बोलायचं, अक्का? सगळे मुकाट्यानं जेवत होते. वाटलं, मलाच तसं लागतंय... आणि ही सही तर मी आल्याची केली होती.”

“व्रत चांगलं आहे. रक्तदाब उतरेल तुझा. तुझं भलंच आहे त्यात.”

हौसाबाई पाठमोऱ्या झाल्या. पदर तोंडाशी गेला होता.

खालच्या घाटावरून कपडे आपटल्याचा आवाज येत होता. तो सकाळपासूनच येत असावा.

“हौसाबाई, तुम्ही होता ना सभेला?”

“हुते की.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणार हुते, साहेब. पर माइक सरपंचांच्या हातात. आन् तुमच्या डायवरनं गाडी चालू करून ठिवलेली... म्हटलं, घाई आसंल साहेबांना.”

“काय बोलणार होता?”

हौसाबाईंनी पातेलं उचललं. “ऱ्हाऊ द्या आता. सह्या झाल्यात न्हवं.”

साहेबांनी वहीतली ओळ पुन्हा एकदा वाचली. मग फाइलची दोरी बांधली, गाठ जरा घट्टच मारली.

“आज कागद जात नाही, अक्का. दुसरी सभा बोलावतो.” आणि हळूच म्हणाले, “पण तेव्हाही गप्प बसले तर...”

अक्कांनी कोनाड्यातली मिठाची वाटी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

“वाढणाऱ्यांची पंगत राहिली आहे अजून.”

पानं मांडली गेली. पहिल्या पानावर हौसाबाई बसल्या. साहेब वाटी घेऊन समोर आले आणि ताठ उभे राहिले.

“सांगा हौसाबाई, घाटाचं काय करू?”

हौसाबाईंनी पदर पुढे ओढला. नजर पानावर. ओठ हलले, पण शब्द आला नाही...

अक्का पुन्हा वाती वळायला बसल्या होत्या; त्यांनी नजरही उचलली नाही.

“आधी वाक, अनिरुद्धा. मीठ उभ्यानं वाढत नाहीत.”