एकदाही लाइट न गेलेली वही

“…पण सही करायला अडचण काय आहे, मॅडम?”

प्रणित तांबवेकरने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. गेल्या मंगळवारी नम्रपणे विचारला होता, शुक्रवारी जमिनीकडे बघत, आणि आज सोमवारी दात आवळून.

बागवान मॅडम त्याची वही वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बाटल्या अजून निळ्याच आहेत.”

“त्या आत्ताच्या बाटल्या आहेत. प्रबंधात जुने निकाल आहेत. अकरापैकी अकरा वेळा पाणी स्वच्छ झालंय.”

“हं…”

आणि पान उलटलं.

एखाद्याचा जीवच घ्यायचा असेल तर सरळ घ्यावा, असं ‘हं’ म्हणून टांगून ठेवू नये, असं प्रणितला वाटलं. पण मार्गदर्शकाला हे कुणी सांगायचं? विद्यापीठात कुलगुरूंशी भांडता येतं, कुलसचिवांच्या दारात धरणं धरता येतं. मार्गदर्शकाच्या खुर्चीसमोर मात्र भले भले हात बांधून उभे राहतात.

हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं. तीन वर्षं प्रणितने एका जिवाणूची सेवा केली होती. मुलांच्या मेसमागच्या गटारात तो सापडला. कापड रंगवण्याच्या कारखान्यातलं निळं पाणी बाटलीत भरायचं, त्यात हा जिवाणू सोडायचा, की दोन दिवसांत निळा रंग नाहीसा. त्यावर दोन शोधनिबंध छापून आले. वर्तमानपत्रात फोटो आला. प्रणितच्या गावचा ओढा वरच्या कारखान्यांमुळे बारा महिने निळा वाहतो, त्यामुळे गावात तर त्याची जवळजवळ मिरवणूकच निघायची बाकी होती.

आता महिनाअखेर प्रबंध दाखल करायचा होता. नाही केला तर मुदत संपणार, फेलोशिप संपणार. आणि गुरुवारी विद्यापीठाचा संशोधन महोत्सव. मोठा मांडव, बावन्न विभागांचे बावन्न स्टॉल, आणि कुलगुरूंसमोर प्रात्यक्षिक दाखवायला सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून एकच नाव गेलेलं… तांबवेकर प्रणित बाळासाहेब, सुवर्णपदक विजेता.

आणि नेमके दोन महिने झाले, जिवाणू संपावर गेला होता.

विभाग नव्या इमारतीत आला तेव्हापासून हे सुरू झालं. इमारत चकचकीत. प्रत्येक खोलीला वातानुकूलन, तळमजल्यावर जनरेटर. बाटल्या दिवसभर झुलवत ठेवणारं यंत्र, प्रयोगशाळेत त्याला शेकर म्हणतात, तेही नवंकोरं. बाटल्या त्यावर डौलात डुलायच्या आणि होत्या तितक्याच निळ्या राहायच्या. प्रणितने पाणी बदललं, रंग बदलला, मेसमागच्या गटारात पुन्हा एकदा हात घालून आला. काही उपयोग झाला नाही.

“नव्या शेकरचाच काहीतरी दोष आहे, मॅडम. कंपनीला पत्र टाकलंय मी.”

“हं…”

बागवान मॅडम निवृत्तीला आलेल्या बाई. अंगावर फिकी सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा. बोलणं मोजकं. विद्यार्थी त्यांना मागे ‘मौनी बुवा’ म्हणत. वहीतलं एकेक पान त्या इतक्या सावकाश वाचत होत्या, की प्रणितच्या पायाला मुंग्या आल्या.

शेवटी त्यांनी वही मिटली.

“अक्षर सुंदर आहे रे.”

“थँक यू, मॅडम.”

“जुन्या शेडमध्ये किती वर्षं काढलीस?”

“पावणेतीन.”

“आणि पावणेतीन वर्षांत तिथे एकदाही लाइट गेली नाही?”

प्रणितला प्रश्नच कळला नाही.

“मी या विद्यापीठात तेहतीस वर्षं आहे,” मॅडम म्हणाल्या. “त्या शेडमध्ये आठवड्यातून तीनदा लाइट जायची. माझ्या लग्नाची बातमी मी तिथे मेणबत्तीच्या उजेडात सांगितली होती. तुझ्या वहीत एकदाही गेली नाही. कमाल आहे.”

“मॅडम… ते… ही फेअर कॉपी आहे.”

“हं?”

मग सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी मूल्यांकन समिती विद्यापीठाला श्रेणी द्यायला येणार होती. तेव्हा विभागप्रमुखांनी फर्मान काढलं, की प्रत्येक वही टापटीप हवी. भिंतींना रंग लागला, कुंड्यांना गेरू लागला, कुत्री पकडून नेली. मॅडम तेव्हा आईच्या आजारपणामुळे दीड महिना मिरजेला होत्या. प्रणितने आठ दिवस बसून तोवरच्या चार कळकट वह्या एका नव्या वहीत उतरवल्या. मार्जिन आखून, निळ्या आणि काळ्या शाईत. समितीच्या अध्यक्षांनी ती वही हातात घेऊन इतरांना दाखवली होती.

“जुन्या वह्या?”

“रद्दीत दिल्या. त्यांच्यावर चहाचे डाग होते, मॅडम. काय काय खरडलेलं होतं. दाखवण्यासारख्या नव्हत्या.”

“प्रयोग एकूण किती केलेस?”

“अकरा.”

“मी वहीतले विचारत नाही. केलेस किती?”

“तीस.”

“बाकीचे?”

“ते फसले होते. फसलेले कशाला उतरवायचे?”

मॅडमनी चष्मा काढला आणि दोन बोटांनी डोळे चोळले. त्यांना राग आला होता, आणि तो सगळा काही प्रणितवर नव्हता. निबंध पाठवण्याआधी याच वहीवरून त्यांनी आकडे तपासले होते. स्वच्छ वही बघून त्याही भुलल्या होत्या.

“बस.”

“मॅडम, मला महोत्सवाच्या…”

“बस म्हटलं ना.”

तो बसला.

“पहिल्यांदा पाणी कधी स्वच्छ झालं?”

“चौदा डिसेंबर. वहीत आहे. एकशेवीस फेऱ्यांच्या वेगाने अठ्ठेचाळीस तास शेकरवर…”

“वही राहू दे. त्या दिवशी काय झालं ते सांग.”

“प्रयोग यशस्वी झाला.”

“अरे बाबा, तू काय केलंस? सकाळी उठल्यापासून सांग.”

प्रणित चिडला. सुवर्णपदक मिळवलेल्या माणसाला सकाळी उठल्यापासून सांग म्हणतात! पण आठवायला लागला.

“गॅदरिंग होतं. शेजारच्या मैदानावर डीजे लावला आणि आपल्या बाजूचा फ्यूज उडाला. अख्खी शेड बंद.”

“मग?”

“मग काय, लाइट नाही तर करणार काय? चहाला गेलो. तिथून गॅदरिंगला. दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी आलो तर बाटली स्वच्छ.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा… युवा महोत्सव. नाही, ते तिसऱ्यांदा. दुसऱ्यांदा ट्रान्सफॉर्मरवर वानर चढलं होतं. दीड दिवस लाइट नव्हती. तेव्हा मी गावाला जाऊन आलो.”

“तिसऱ्यांदा?”

“युवा महोत्सवाच्या मांडवासाठी खड्डा खणताना केबल तुटली…”

बोलता बोलता तो थांबला.

खिडकीबाहेर महोत्सवाच्या मांडवाचे बांबू ट्रकमधून उतरवले जात होते, त्यांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

“लाइट आल्यावर जुना शेकर आपोआप सुरू व्हायचा?”

“नाही. बटण दाबावं लागायचं. मी आलो की दाबायचो.”

“आणि हे तू लिहिलं होतंस कुठे?”

“जुन्या वहीत. कोपऱ्यात. लाइट गेली, वानर, वगैरे.” त्याचा आवाज चढला. “पण मॅडम, वानर चढलं हे काय संशोधन आहे? ते समितीला दाखवायचं? प्रबंधात लिहायचं? लोक हसतील!”

मॅडम उठल्या. कोपऱ्यात नवा शेकर मंद घरघरत होता. त्यावर चार निळ्या बाटल्या डुलत होत्या. मॅडमनी वाकून भिंतीतला प्लग उपसला.

बाटल्या एकदा, दोनदा डुलल्या… आणि थांबल्या.

“अहो मॅडम! सगळा प्रयोग वाया जाईल!”

“दोन महिने काय, कामाला येत होता?”

त्यांनी त्याला बाहेर काढलं, खोलीला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, “बुधवारी ये.”

पुढचे दोन दिवस प्रणितने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. चरफडत तो सगळा परिसर हिंडला. ग्रंथालयापासून क्रीडासंकुलापर्यंत तीन किलोमीटर, जाताना एकदा आणि येताना एकदा. मांडवात त्याच्या नावाची पाटी लागली होती. वडिलांचा फोन आला, की गुरुवारी सरपंचांना घेऊन येतोय, आणि ती बातमी विभागभर झाली. शास्त्रीय पद्धती सोडून प्लग उपसणाऱ्या बाईच्या हाताखाली आपली तीन वर्षं गेली, या विचाराने त्याला रडू येईल की काय असं झालं. आणि त्याही खाली एक बारीकशी भीती होती. बाईंचं खरं निघालं तर?

बुधवारी दहाच्या ठोक्याला मॅडमनी कुलूप उघडलं.

चारही बाटल्या स्वच्छ होत्या. ताकाच्या निवळीसारखं किंचित गढूळ पाणी, पण निळ्याचा मागमूस नाही.

प्रणितने बाटली उचलून उजेडाकडे धरली. खाली ठेवली. दुसरी उचलली. मग एकदम हसत सुटला.

“झालं, मॅडम! मिटलं! आता सही करा!”

“कशावर?”

“प्रबंधावर. एक ओळ बदलतो. शेकर चालूच्या ऐवजी बंद. हलवलं की पाण्यात हवा मिसळते, आणि हवा मिळाली की हा रंगाला हातच लावत नाही. दहा मिनिटांचं काम आहे.”

“आणि ते दोन निबंध?”

तो थबकला. “ते… छापून गेलेत आता.”

“त्यात शेकर चालू आहे.”

“कोण वाचतंय, मॅडम, इतक्या बारकाईने? ते दुरुस्त करायला गेलो तर सगळंच उकरून निघेल. फसलेले एकोणीस कुठे गेले, मूळ वह्या कुठे आहेत. सगळे प्रयोग पुन्हा करायला लावतील. वर्ष जाईल माझं! आणि त्यावर तुमचीही सही आहे, तुम्हालाही…”

“हो. माझीही आहे.”

“तुमची निवृत्ती आलीय, मॅडम. कशाला हे आता?”

मॅडम खिडकीपाशी गेल्या आणि सहज विचारावं तसं म्हणाल्या, “सरपंच कशाला येतायत उद्या?”

प्रणितचा चेहरा उतरला.

सरपंच टाकीचा आराखडा घ्यायला येत होते. ओढ्याचं पाणी टाकीत घ्यायचं आणि त्यात जिवाणू सोडायचा. निबंधात लिहिल्याप्रमाणे पाणी रात्रंदिवस घुसळणारं मोठं यंत्र बसवायचं. ग्रामसभेत ठराव झाला होता. यंत्राची चौकशीही झाली होती, आणि ते बसवा म्हणणारा शास्त्रज्ञ गावचाच होता.

“घुसळत बसतील…” तो पुटपुटला. “आणि ओढा निळाच राहील.”

तो खुर्चीवर बसला. त्याने कोरे कागद ओढले आणि लिहायला लागला. पहिलं पत्र एका नियतकालिकाच्या संपादकांना, दुसरं दुसऱ्याच्या. शेकर बंद होता, असं लिहिलं. एकोणीस प्रयोग फसले होते आणि ते आम्ही सांगितले नाहीत, असं लिहिलं. मूळ वह्या मी स्वतः रद्दीत दिल्या, हेही लिहिलं, आणि ते लिहिताना त्याचे कान तापले. तिसरा अर्ज मुदतवाढीचा. चौथी चिठ्ठी महोत्सवाच्या संयोजकांना, की उद्याच्या प्रात्यक्षिकातून माझं नाव काढावं. मग वडिलांना फोन लावला. “दादा, सरपंचांना म्हणावं यंत्र घेऊ नका,” एवढं बोलून त्याने फोन ठेवून दिला.

कागद त्याने मॅडमपुढे सरकवले. अक्षर वाकडंतिकडं आलं होतं, दोन ठिकाणी खाडाखोड होती.

मॅडमनी चारही कागद वाचले. पेन उघडलं. दोन्ही पत्रांवर प्रणितच्या नावाखाली स्वतःचं नाव घातलं आणि सही केली. अर्जावर केली. चिठ्ठीवर केली. एकदाही ‘हं’ म्हणाल्या नाहीत.

प्रणित त्या सह्यांकडे बघत होता. आठवडाभर ज्या सहीसाठी तो तडफडला, ती आता चार वेळा झाली होती आणि तिच्यातून पदवी मिळणार नव्हती. त्याला स्वतःची चीड आली. वानराची आली, डीजेची आली, त्या मार्जिन आखलेल्या वहीची आली.

“मॅडम,” तो म्हणाला, “सुवर्णपदक घेऊन आलो होतो मी इथे. जिवाणू गटारातला. शोध लावला तो लाइट जाण्याने. मी लिहिलं ते चुकीचं, आणि रद्दीत दिलं ते बरोबर…”

मॅडम कागद एकत्र करत होत्या.

“मग तीन वर्षांत मी स्वतः, एक तरी गोष्ट, धड अशी केली का?”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. थोडा वेळ खरोखरच आठवून बघितलं.

“चहाला गेलास की.”