वाकड्या वायरीचा आवाज

फार वर्षांमागे वसईत एक गिटार होती. तिच्या जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा आवाज बसला, तशी ती दुसऱ्या कुणाबरोबर मनापासून वाजेना. म्हणून इनास मेकॅनिक जुन्याला उघडून, एकेक वायर मोजून, तस्साच नवा बांधू लागला.

"ही वायर उगाच लांबून वळवलीय," नवा कुरकुरला. "माझी सरळ ने."

"ज्यानं वळवली, त्याला काहीतरी ऐकू आलं असेल," इनास म्हणाला आणि त्यानं तसंच वळण दिलं.

तीन महिन्यांनी त्यानं गिटार नव्याला जोडून तार छेडली. उबदार सूर खोलीभर पसरला.

"आजोबा, बरे झालात की!" गिटार आनंदानं म्हणाली.

फळीवरून जुना हळूच म्हणाला, "पोरी, मी इकडे आहे."