पाणमहालातली जरीना

एक होता सुलतान, दिलावरशाह नावाचा. नदीकाठी लुगडी वाळत घालणारी रंगाऱ्याची लेक जरीना त्यानं पाहिली नि त्याचा जीव जडला. लग्न केलं. पण मनात सारखी धास्ती, ही निघून गेली तर? मग त्यानं एका फकिराला गळ घातली, असा महाल दे, जो ही कधी सोडून जायची नाही.

फकीर म्हणाला, "महाल तिला सोडणार नाही. पण मग ती तुझीही राहणार नाही."

सुलतानानं अर्धंच ऐकलं, बरं का. तळ्याच्या मधोमध पांढराशुभ्र महाल उभा राहिला. लोक म्हणाले, प्रेम असावं तर असं.

जरीनाची धाकटी बहीण सकीना. ईदला ती होडीतून भेटायला गेली. तर जरीना बोलेचना. कारंजं मात्र तिच्या आवाजात गात होतं. सकीनाला वाटलं, काही दुखणं असेल. मग दुसरी ईद आली. जरीनाच्या गालांवरचा रंग उडालेला, नि भिंतीवरची दगडी फुलं गुलाबी झालेली. सकीना घरी येऊन जेवली नाही. तिसऱ्या ईदला जरीना भिंतीला टेकून उभी. सकीनानं हात धरला, तो गारढोण. पाठ भिंतीत रुतलेली.

सकीनानं सुलतानाचे पाय धरले, बहिणीला माहेरी नेऊ द्या म्हणून विनवलं. सुलतान रडला, खरंच रडला. पण म्हणाला, "इथं तिला कसलं दुःख शिवणार नाही. याहून जास्त प्रेम कोण करील?"

मग सकीना उठली. होडीतलं वल्हं आणलं नि कारंज्यावर हाणलं. कारंजं जरीनाच्या आवाजात किंचाळलं. सकीनानं वल्हं खाली घेतलं.

"आपा, मारू का गं?"

जरीनानं हळूच पापण्या मिटल्या. हो म्हणाली ती.

मग सकीनानं घाव घातले, रडत रडत घातले. कारंजं फुटलं. भिंती तडकल्या. तिनं बहिणीला ओढून काढलं. पाठीची कातडी भिंतीलाच राहिली. दोघी होडीत बसल्या. सुलतान आला नाही. तो भिंतीला कवटाळून बसला, नि तळ्यानं महालासकट त्याला गिळलं.

आजही लोक तिथं जातात. पाण्यातले खांब बघून सुलतानाच्या प्रेमाच्या गोष्टी सांगतात. सांगू देत बापडे.

जरीनाचा आवाज काही परत आला नाही. पण ती हसायची. दोघी बहिणी खूप म्हाताऱ्या झाल्या, एका ताटात जेवल्या, सुखानं राहिल्या.

संपली गोष्ट. पाय आत घ्या, डोळे मिटा. मी इथंच आहे.