सूर्य वळला, दवंडी नाही

वेळ थंडीतली ऐन दुपार. जागा शिरीषवती नगरातल्या राजवाड्याचे अंगण.

पूर्वी या नगरात राजा उग्रदत्त राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथे राजज्योतिषी होते. अंगणातल्या दगडी खांबाची दुपारची सावली रोज मोजणे हे त्यांचे काम. थंडीत ती लांबत जाते. आखडू लागली की सूर्य उत्तरेला वळला. त्या दिवशी कैद्यांची शिक्षा संपे आणि दवंडी पिटून त्यांना सोडायचे, असा त्या राज्याचा कायदा होता.

त्या दुपारी सावली आखडली होती. पण तळ्याचा बांध अपुरा होता, आणि बांधावर कैदीच राबत होते.

प्रधान विरूपाक्ष हळूच म्हणाला, "आचार्य, या दिवसांत सावली हलते ती केसभर. आठवडाभर थांबलात तर कोणाला कळतंय? तुमच्या आधीचे आचार्य गेल्या वर्षापर्यंत थांबायचे. त्यांना गाव इनाम मिळालं."

बोधिसत्त्वांनी सावलीच्या टोकाशी खूण केली. दाराशी कैदी उपल नावाड्याची म्हातारी आई बसली होती. तिची दृष्टी दिवसेंदिवस जात होती. ती पुरती जाण्याआधी मुलाचा चेहरा पाहायचा, एवढीच तिची आस होती.

"काय हो आचार्य," ती ओरडली, "वळला का तुमचा सूर्य? की त्यालाही प्रधानजींची परवानगी लागते?"

पहारेकरी हसले. प्रधान हसला नाही.

तेवढ्यात राजा आला. बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, सूर्य वळला. दवंडी आजच हवी. गेल्या वर्षीही तो वेळेवर वळला होता, उशीर दवंडीला झाला."

"आणि बांध?"

"तो मजूर लावून पुरा होईल. ज्याची शिक्षा संपली, त्याला ठेवून घेता येणार नाही."

राजाने वाकून सावलीचे टोक पाहिले. मग त्याने दवंडी पिटवली.

उपल सुटून आला. आईने त्याचा चेहरा डोळ्यांजवळ ओढून नीट पाहिला. "वाळलास रे," ती म्हणाली. मग खांबाशी मूठभर तीळ ठेवून तिने हात जोडले. "सूर्यदेवा, तू वेळेवर आलास. आणि आचार्य, तुम्ही ते सांगितलंत. तुमचे उपकार."

तेव्हापासून त्या दिवशी सारे नगर खांबाशी येऊन सूर्याचे आभार मानू लागले.

ही हकिकत सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज विहाराला आमराई देणारा गृहस्थ सोमिल. ती आई म्हणजे भिक्खुणी खेमवती. ज्योतिषी मीच होतो. याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."

प्रधान कोण, हे त्यांनी सांगितले नाही.

उपल सुटला त्याच्या आदल्या वर्षी सूर्य वळल्यानंतर, पण दवंडीआधी, बांधाची दरड कोसळून कैदी नंदक विणकर मेला. कायद्याने तो तेव्हा मोकळा माणूस होता. त्याच्या मरणाचा जाब अजून कोणी दिलेला नाही.